जमिनीची हजेरी

१

जमीन हलायच्या आधी जायफळं वाजायची. चुलीवरच्या माळ्यावर डोर्कासने ती कवचासकट पसरून ठेवलेली असत. धुराने वाळली की आतली बी सुटी होऊन खुळखुळू लागे, आणि माणसाला काही कळायच्या आत तिला कळे. मग छपराचे वासे करकरत, हंड्यातल्या पाण्यावर वलयं उठत, आणि डोर्कास हातातलं काम न सोडता डाव्या मुठीने मधल्या खांबावर थाप मारी.

"आहोत. डोर्कास आहे."

"फेबे आहे," मागच्या अंगणातून नणंद ओ देई.

नवरा, ओबेद, मळ्यात असला तर तिथल्याच एखाद्या बुंध्यावर कोयत्याची मूठ आपटून आपली हजेरी देई. गावातल्या घराघरांतून तसेच आवाज उठत, थोडा वेळ सगळं डोलत राही, आणि मग थांबे. ज्वालामुखीचा डोंगर वर धुमसतच असायचा. पालेभाजी धुताना आधी राख झटकायची, वाळत घातलेल्या जायपत्रीवर आभाळ बघून ताडपत्री ओढायची, आणि जमीन हलली की हजेरी द्यायची. हल्माहेरा बेटावरच्या त्या जंगलकाठच्या गावात याची कुणी चर्चा करत नसे. दारावर थाप पडली की आतून ओ द्यायची, तसंच ते होतं. पुढचं घर सिमेंटचं बांधलं तेव्हासुद्धा मागचं स्वयंपाकघर फेबेने मोडू दिलं नाही. सिमेंटला ऐकू येत नाही, खांब मातीतच पुरलेला हवा, असं तिचं म्हणणं.

हजेरी ज्याची त्याने द्यायची. बोलता न येणाऱ्या लेकराची तेवढी आईने. लेक तिर्सा तान्ही असताना तिची हजेरी डोर्कास देत असे. पुढे तिर्सा मोठी झाली, आपली आपण ओरडू लागली, आणि एक दिवस तेर्नाते शहरात कपड्यांच्या दुकानात नोकरीला निघून गेली. ती बोटीत बसली त्याच आठवड्यात जमीन हलली, आणि डोर्कासच्या तोंडून आपसूक निघालं, "तिर्सा आहे."

फेबे ओल्या हातांनी दारात आली. "कुठे आहे? परवा तूच रडत सोडून आलीस ना तिला?"

"तोंडात बसलंय, ताई."

"मग तोंड आवर. नसलेल्या माणसाची हजेरी देऊ नये."

पण डोर्कासने सोडलं नाही. पलीकडच्या बेटावर, सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी पोर. तिचं कोण सांगणार? पुढे तिर्साने तिथेच लग्न केलं, दोन नाताळ आली नाही, तरी दर हादऱ्याला डोर्कास आपल्या नावामागून लेकीचं नाव घेत राहिली. बाकी वेळी मनात काळजी दाटलेली असायची. ते नाव घेतलं की जरा बरं वाटे. फेबेही मग बोलायची थांबली.

२

तिर्सा आली ती पोटुशी होऊन. जावई जहाजावर, परतायला अवकाश. बाळंतपण आईकडेच करायचं ठरलं.

"जाताना दोन पिशव्या नेल्यास," ट्रकमधून तिला उतरवून घेत ओबेद म्हणाला, "आणि येताना तीन आणल्यास. तिसरीत काय आहे?"

"तुमच्यासाठी कटकट आहे, बाबा. रात्रभर रडणारी."

"म्हणजे तुझ्यावर गेलीय."

डोर्कास मात्र तिच्या मानेकडे बघत होती. कमरेपर्यंत असायचे ते केस मानेपर्यंत कापलेले.

"उकाडा असतो गं दुकानात," तिर्सा म्हणाली. "वाढतील."

त्या संध्याकाळी सागोच्या पिठाची चिकट खळ आणि हळदीचं मासळीचं कालवण झालं. तिर्साने बोटं चाटून खाल्लं आणि आपल्या जुन्या खोलीत जाऊन झोपली. ती खोली स्वयंपाकघराला लागूनच होती, दाराला फुलाफुलांचा पडदा. इतक्या वर्षांत तिथे कुणी झोपलं नव्हतं. डोर्कास रोज झाडून घेई आणि पडदा सरळ करी, तेवढंच.

सकाळी तिर्सा आळोखेपिळोखे देत चुलीपाशी आली. "आई, माझ्या खोलीत कोण झोपायचं?"

"कोण झोपणार? आम्ही तिघं, खोल्या चार."

"गादीला खळगा पडलाय. भिंतीकडच्या अंगाला. माणूस कुशीवर झोपतं तसा. आणि तिथं ऊब होती."

"जुनी गादी आहे, कापूस गोळा होतो. आणि दुपारभर ऊन असतं त्या भिंतीवर."

"हं," तिर्सा म्हणाली, आणि केळं सोलू लागली.

नंतर खोली झाडायला गेल्यावर डोर्कासने गादीवर हात ठेवला. खळगा होता. ऊबही होती, पण ऊन त्या भिंतीपर्यंत अजून आलेलं नव्हतं. आरशापुढच्या फणीत केस अडकले होते. तिने ते ओढून काढले तर हातभर लांब निघाले. काळेभोर. फेबे पार पिकलेली, तिचे स्वतःचे अर्धे पांढरे. तिर्साचेच जुने असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. लेक यायच्या आदल्या दिवशी फणी साबणाने घासली होती, ही आठवण तिने बाजूला सारली.

केस चुलीत टाकले. केस जळले की वास सुटतो तसा सुटला नाही. तापलेल्या दगडावर पाऊस पडला की येतो, तसा वास आला आणि विरून गेला.

३

पुढचा आठवडा राखेत गेला. डोंगर नेहमीपेक्षा जास्त गुरगुरत होता, पण तसा तो अधूनमधून करायचाच.

एका दुपारी डोर्कास आणि तिर्सा विहिरीवर कपडे धूत होत्या. ओबेद मळ्यातून आला. घराच्या बाजूने येताना तो खोलीच्या खिडकीशी थांबला, आत बघून काहीतरी बोलला, हसला, आणि मागे विहिरीकडे आला. तिर्साला बघून त्याचे पाय थबकले.

"तू इथे कधी आलीस?"

"मघापासून इथेच आहे. का?"

ओबेदने खिडकीकडे मान वळवली. "आत्ता मी विचारलं, झोपलीस का गं. तर म्हणालीस, पाठ दुखते, बाबा."

"पाठ दुखते खरी," तिर्सा हसत म्हणाली, "पण म्हणाले नाही. तुम्ही दुपारचीच घेतलीत की काय?"

"माडीचा थेंब नाही पोटात. रविवारशिवाय घेतो का मी?"

"रविवारी चर्च असतं, बाबा."

"म्हणूनच तर लागते."

तो हसला, तिर्साही हसली. डोर्कासला हसू आलं नाही. ती चादर पिळत राहिली. खिडकी तिथून दिसत होती. आत अंधार होता, आणि पडद्याची कड हलत होती. वारा होता थोडासा. वाराच असणार.

त्या रात्री जेवणाला फेबेने ताटल्या मांडल्या. तीन. तिर्सा समोरच बसली होती, पाठीला उशी लावून.

"आत्या, मी उपाशी का?"

फेबे तिच्याकडे बघतच राहिली, जणू ती आत्ता दारातून आली होती. मग घाईने चौथी ताटली घेऊन आली. "डोळे गेले माझे," ती पुटपुटली. पण तिचे डोळे चांगले होते. फुटलेलं जायफळ ती दहा हातांवरून ओळखत असे.

४

तिर्सा आल्यापासून जमीन हलली नव्हती. इतके दिवस ती कधी स्वस्थ नसे. हलली ती एका सकाळी.

डोर्कास कसावा किसत होती. तिर्सा दारात उभी राहून पपई खात होती. माळ्यावर जायफळं खुळखुळली. डोर्कासने मान वर केली आणि मूठ खांबावर मारली.

"आहोत. डोर्कास आहे."

"फेबे आहे," अंगणातून आवाज आला.

आता तिर्साची पाळी. लेक घरात होती, तिने आपली आपण द्यायची होती. डोर्कासने ओठ घट्ट मिटले. तिर्साचं तोंड पपईने भरलेलं. ती घाईघाईने घास गिळायला लागली.

"तिर्सा आहे."

आवाज तिर्साचा होता. पडद्यामागून आला. स्पष्ट, जरासा कंटाळलेला, रोजच्या सवयीचं काहीतरी उरकून टाकावं तसा.

जमीन थांबली.

दारात तिर्सा घास तसाच गालात धरून उभी होती. तिने तो बाहेर काढून हातात घेतला. "आई, मी नाही बोलले."

"मी बोलले," डोर्कास म्हणाली.

"तुझे ओठ मिटलेले होते. मी बघत होते."

डोर्कास उठली आणि पडदा सारला. खोली रिकामी. गादीवर भिंतीच्या अंगाला खळगा, आणि चादरीवर बारीक राख, खिडकी बंद असूनही.

५

"मी तुला सांगितलं होतं," फेबे म्हणाली. दोघी जायपत्री चाळत बसल्या होत्या. तिर्सा ओबेदबरोबर समोरच्या ओसरीवर होती. त्यांची थट्टामस्करी ऐकू येत होती. निदान ओबेदची तरी.

"आता काय करू, ताई?"

"मला काय ठाऊक? माझ्या आईने फक्त नसलेल्याची देऊ नये एवढं सांगितलेलं. दिली तर काय, ते कधी सांगितलं नाही." फेबेने एक लाल तुकडा उचलून उजेडात धरला आणि खाली ठेवला. "इतकी वर्षं तू म्हणालीस आहे, आहे. जमिनीखालच्याने ऐकलं. त्याच्या हिशोबी तिर्सा इथून हललीच नाही. ही कोण पाहुणी आली, असं त्याला वाटत असेल."

"ही माझी पोर आहे."

"मला नको सांगूस."

डोर्कासने त्या दिवशी मन घट्ट करून विचार केला. आवाज म्हणजे काय, सिमेंटच्या भिंतीवरून उलटूनही येतो. ओबेदचं वय झालं. फेबे दमते. पण दुसऱ्या सकाळी अंगणात आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवरही राखेचा पातळ थर पडला होता. तिर्सा विहिरीकडून आली, दोन जिवांची बाई, पाय ओढत चालणारी. आणि तिच्यामागे राखेत जे उमटलं ते चिमणी नाचून गेल्यासारखं पुसट होतं. दुसरी एक पावलांची ओळ मात्र होती. खांबापासून निघालेली, पडद्याखालून आत गेलेली. टाचा खोल रुतलेल्या. दोन जिवांच्या बाईच्या रुततात तशा.

तिर्साने बघायच्या आत डोर्कासने ती ओळ झाडून टाकली.

"आई," तिर्सा पाठीमागून म्हणाली, "मी तीनदा हाक मारली. ऐकू येत नाही का तुला?"

डोर्कासला एकही ऐकू आली नव्हती. तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. गार होतं, थरथरत होतं, पण होतं. हातात लागत होतं.

"येतं गं," ती म्हणाली. "येतं ऐकू."

दिलेली हजेरी परत घ्यायची, हे तिला तेव्हाच सुचलं. जमीन हलली की सांगायचं, तिर्सा इथे नाही. पण लेक घरात असताना हे म्हणायचं कसं? ते खोटं झालं असतं, आणि एका खोट्यानेच इथवर आणलं होतं. तिर्सा आधी दूर जायला हवी. मग जे सांगायचं ते खरंच ठरेल.

६

सबब डोंगरानेच दिली. दोन दिवसांनी दुपारी गावात भोंगा फिरला: वरची गावं खाली करा, किनाऱ्यावरच्या शाळेत सोय केली आहे, ट्रक येतोय. बायका कोंबड्या टोपल्यांत भरू लागल्या. असं पूर्वीही झालं होतं. आठवडाभर शाळेच्या फरशीवर झोपायचं आणि परत यायचं.

"तुम्ही तिघं पुढे व्हा," डोर्कास म्हणाली. "मी जायफळं पोत्यांत भरते आणि दुसऱ्या ट्रकने येते."

"जायफळं गेली खड्ड्यात," ओबेद म्हणाला.

"मग वर्षभर खाणार काय, राख?"

"तुझ्या हातची असली तर खाईन. चल ना, तिर्साची आई. उगाच जीव टांगणीला."

"दुसरा ट्रक आहे म्हणतात ना. तुम्ही पोरीकडे बघा. तिचा हात सोडू नका."

तिर्साला चढवायला तिनेच कोपराखाली आधार दिला. लेकीचं वजन हाताला जेमतेम जाणवलं. तिर्सा वाकली आणि तिच्या गालाला गाल लावला. "लवकर ये. तू नसलीस की मला कुणी ऐकतच नाही."

ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं, "तुमची किती माणसं?"

"दोन," ओबेद म्हणाला. लगेच त्याने मान झटकली. "तीन, तीन. मी, बहीण आणि पोर."

ड्रायव्हरने तिघांकडे पाहिलं. फेबेकडे, ओबेदकडे, आणि मग बराच वेळ शोधत तिर्साकडे.

ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत डोर्कास हात हलवत राहिली.

७

तिने जायफळं भरली, पोत्यांची तोंडं शिवली आणि ती ओसरीवर नेऊन ठेवली. मग खांबाशी पाटावर येऊन बसली. उजेड पिवळट होता. जंगलातले पक्षी गप्प होते. गावात एक कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

खोलीत पलंगाची फळी करकरली. उकाड्याने लाकूड बोलतं. लेक ट्रकमध्ये आहे, माझ्या हाताने मी तिला चढवलं आहे, आत कुणी नाही. हे ती पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत राहिली आणि पडद्याकडे तिने पाठ केली.

माळा रिकामा होता, त्यामुळे आधी काहीच वाजलं नाही. एकदम खालून धक्का आला. चुलीतले दगड सरकले, हंडा कलंडला. डोर्कासने दोन्ही हातांनी खांब धरला आणि त्यावर मूठ मारली.

"डोर्कास आहे." "तिर्सा नाही. ऐक. तिर्सा इथे नाही. मीच म्हणत होते आहे, आहे म्हणून. ते खरं नव्हतं. तिर्सा नाही."

जमीन थांबली. नेहमी ती हळूहळू शांत व्हायची, झोका थांबावा तशी. आज मधेच थांबली. कुणी कान देऊन, नीट ऐकून घ्यावं, तशी.

मग बराच वेळ काही झालं नाही. खोलीतून हूं की चूं नाही. डोर्कास पाटावर बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

फोन वाजला. तिर्साचा.

"पोचलात का गं?"

"शाळेत आलोय." आवाज फार लांबून, कापडातून गाळून आल्यासारखा. "इथेही हलली आत्ता जमीन. आई, बाबांना काहीतरी सांग ना."

"काय झालं?"

"ते मला शोधतायत. हाका मारत फिरतायत सगळ्या वर्गांतून. आत्या रडतेय. माझी पिशवी तिच्या मांडीवर आहे. आणि मी त्यांच्या समोर उभी आहे, आई."

डोर्कासने फोन दोन्ही हातांनी धरला. "जवळ जा त्यांच्या. हात धर त्यांचा."

"धरलाय."

पलीकडे ओबेदचा आवाज येत होता, तिर्सा, तिर्सा, घोगरा झालेला. त्यातून लेकीचा श्वास ऐकू येत होता, अगदी पातळ.

डोर्कासला तेव्हा कळलं. इथे नाही, असं तिने सांगितलं होतं. आपल्या चुलीपाशी, आपल्या घरात, एवढ्याच अर्थाने. पण तिच्या पायांखालची जमीन आणि त्या शाळेखालची जमीन एकच होती. मधे कुठे तुटलेली नव्हती. खाली ज्याने ऐकलं, त्याने सगळीकडचं ऐकलं होतं.

"तिर्सा, थांब. फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

"बोलतेय, आई. तू ऐकतेयस ना? आई, तू..."

पुढे नुसता वारा येऊ लागला.

डोर्कास उठली. जमीन आता विचारत नव्हती, तरी तिने खांबावर मूठ मारली. मग दोन्ही मुठी मारल्या. "तिर्सा आहे," ती ओरडली. "आहे. माझी पोर आहे." मुठींची सालपटं निघाली, बोटांना रक्त आलं. जमिनीत काहीही हललं नाही. तिने पुन्हा मूठ मारली.

मागे फुलाफुलांचा पडदा किंचित फुगला. त्याच्या कडेखाली दोन पावलं उभी होती, घोट्यापर्यंत राखाडी, भार पेलण्यासाठी जराशी फाकलेली.

"तिर्सा आहे," डोर्कास खांबाला कपाळ टेकून म्हणाली. "आहे ती. तिर्सा आहे."

"हो, आई," पडद्यामागून समजूत घातल्यासारखं उत्तर आलं. "आहे ना मी."